यादीपुरती नजर

पडद्यावर एक जुना माळा आहे. तिरक्या छपराखाली पेट्या, मोडकी आरामखुर्ची, फाटका पडदा, काळवंडलेला आरसा आणि त्यांच्यावर, त्यांच्याआड, त्यांच्या सावलीत पेरलेल्या कितीतरी वस्तू. खाली बारा नावांची यादी : कात्री, व्हायोलिन, घुबड, मेणबत्ती, बुद्धिबळातला घोडा आणि असेच काही. कात्री खुर्चीच्या पायाला चिकटून उभी केलेली, त्याच लाकडी रंगात. व्हायोलिन पडद्याच्या चुण्यांत. घुबड भिंतीवरच्या ओलीच्या डागात. एकेक वस्तू टिपली की तिचे नाव यादीतून पुसले जाते, बारीक किणकिण होते आणि नजर पुढच्या नावाकडे धावते. शेवटचे एक नाव उरते, ते काही केल्या सापडत नाही, आणि खेळणारा मान पुढे काढून पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात डोकावू लागतो.

या जातीच्या खेळाला जगभर ‘हिडन ऑब्जेक्ट गेम’ म्हणतात. संगणकावरून तो मोबाइलवर आला आणि तिथून घराघरांत शिरला. मुंबईत सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात, दत्त मंदिर रोडवरच्या जुन्या इमारतींत काय किंवा पाइपलाइनलगतच्या वस्तीत काय, दुपारची आवराआवर झाल्यावर असा खेळ उघडून बसणाऱ्या गृहिणी आहेत, नातवाकडून तो शिकून घेतलेले आजोबा आहेत, आणि शाळेतून आल्या आल्या आईचा फोन मागणारी मुले तर आहेतच. अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो : याने डोके तल्लख होते, की नुसते डोळे शिणतात आणि वेळ जातो? ‘थोडे हे, थोडे ते’ असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येणार नाही. या खेळाचे बळ ज्या यादीत आहे, तिच्यातच त्याचा मोठा दोषही आहे. म्हणून तो थोडा उकलून पाहायला हवा.

मुळात कल्पना जुनी आहे. महिला मंडळात किंवा मुलांच्या शिबिरात ताटात पंधरा-वीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर दाखवून वर रुमाल टाकायचा आणि आठवतील तितक्या लिहायला सांगायच्या, हा खेळ मराठी घरांना चांगला परिचयाचा आहे. स्काउटमधल्या मुलांना तो ‘किमचा खेळ’ म्हणून ठाऊक असतो. रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ या १९०१च्या कादंबरीत सिमल्यातल्या एका दुकानात, हेरगिरीसाठी तयार होत असलेल्या पोरासमोर रत्नांचे ताट ठेवून अशीच परीक्षा घेतली जाते. स्काउट चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल याने १९०८च्या ‘स्काउटिंग फॉर बॉइज’मध्ये ती उचलली आणि खेळ जगभर गेला. छापील चित्रांतली शोधाशोधही आपल्याकडे रुजलेली. ‘चांदोबा’, ‘किशोर’, ‘चंपक’ वाचत वाढलेल्या पिढ्यांना झाडाच्या फांद्यांत दडलेले प्राणी आणि दोन चित्रांतले फरक वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. इंग्लंडमध्ये मार्टिन हँडफर्डने १९८७ साली पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला वॉली हजारोंच्या गर्दीत लपवला, तेव्हा मोठी माणसेही त्या पुस्तकात डोके खुपसून बसली.

संगणकावर या खेळाला लोकप्रिय रूप दिले ते सिएटलच्या बिग फिश कंपनीने. तिचा ‘मिस्ट्री केस फाइल्स : हंट्सव्हिल’ २००५ साली आला. गुन्ह्यांचा तपास करणारा गुप्तहेर हे निमित्त आणि खोल्याखोल्यांतून वस्तू हुडकणे हे काम. त्या कंपनीची विक्रीची पद्धत तेव्हा सरळ होती : तासभर फुकट खेळा, आवडला तर पूर्ण खेळ विकत घ्या. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे बिघडले ते इथेच.

आधी बळ पाहू. अनेक संगणकी खेळ हातांच्या चपळाईवर चालतात. इथे ती लागत नाही. साठीच्या बाईंना बारा वर्षांच्या मुलाइतकीच संधी असते, आणि अनेकदा त्याच जिंकतात. कुणाला मारायचे नसते, कुणी मरत नाही; घाई करा असे सहसा कुणी ओरडत नाही. खेळ अर्ध्यावर सोडून कुकरची शिट्टी बघायला जाता येते. सगळ्यांत मोलाची गोष्ट अशी की एका पडद्यासमोर दोघे बसू शकतात. आजी म्हणते, ‘‘अरे, ती बघ कात्री, खुर्चीपाशी,’’ आणि नातू बोट लावतो. फोनमुळे घरातली माणसे वेगवेगळ्या कोपऱ्यांत गेल्याची तक्रार रोज ऐकू येते. अशा काळात दोन पिढ्यांना एकाच चित्रावर डोळे लावायला लावणारा खेळ हलका लेखू नये.

या खेळाची ओढ कशी निर्माण होते, हेही नीट उलगडलेले आहे. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८०मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार डोळा दोन प्रकारे शोधतो. हिरव्या ठिपक्यांच्या गर्दीत एकच लाल ठिपका असेल तर तो आपोआप डोळ्यांत भरतो, ठिपके दहा असोत की शंभर. पण लाल आणि आडव्या रेघा, हिरव्या आणि उभ्या रेघा यांच्या गर्दीतली एकच लाल उभी रेघ शोधायची असेल तर लक्ष एकेका जागी नेऊन तपासावे लागते, आणि गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो. चांगला चित्रकार ही दुसरी अवस्था जाणीवपूर्वक घडवतो. रंग पार्श्वभूमीकडून उसना घेतो, आकार शेजारच्या वस्तूत मिसळतो. बराच वेळ समोर असलेली वस्तू अचानक ‘दिसते’ तेव्हा होणारा आनंद खरा असतो, आणि तो कष्टाने मिळवलेला असतो. त्याला वेळकाढूपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

आता दोष. डोळा वस्तू शोधतो तेव्हा तिच्या आकारारंगाबरोबर ती कुठे असायला हवी याचे भानही वापरतो. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग बीडरमन यांनी १९७२ साली साध्या दृश्यांची छायाचित्रे घेतली, त्यांचे तुकडे करून जागा अदलाबदल केल्या आणि लोकांना त्यातली एखादी वस्तू ओळखायला सांगितली. वस्तूचा तुकडा स्वतःच्याच जागी ठेवला होता, तरी भोवतालचे दृश्य विस्कटल्याबरोबर ती ओळखणे कठीण झाले. संदर्भ हा नजरेचा मोठा आधार असतो, हे त्यातून दिसले.

वाकोला मार्केटमधल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हे रोज बघायला मिळते. गिऱ्हाईक म्हणते, ‘‘अर्ध्या इंचाचा एल्बो द्या, आणि तोटीचा वॉशर.’’ दुकान तीन हात रुंद. छतापर्यंत खोके, दोऱ्यांना लटकलेले पाइपचे तुकडे, डब्यांत खिळे, स्क्रू, नट-बोल्ट, टेफ्लॉन टेपची भेंडोळी. बाहेरच्या माणसाला यातले काही सापडणार नाही. दुकानदार बोलता बोलता, मान न वळवता मागे हात घालतो आणि एल्बो काउंटरवर ठेवतो. कारण त्या पसाऱ्यात क्रम आहे : पाण्याची फिटिंग डावीकडे, विजेची उजवीकडे, रोज लागणारे कमरेच्या उंचीवर, सहा महिन्यांतून एकदा लागणारे वर. नव्या पोऱ्याला हा क्रम अंगवळणी पडायला महिने जातात, आणि तो पडला की दुकानात आणखी काय ठेवायला हवे हेही त्याला सुचू लागते.

बाजारातले बहुसंख्य शोधखेळ हा आधार काढून घेतात. व्हायोलिन पडद्यात आहे, कारण चित्रकाराला तिथे जागा मिळाली. मासा पुस्तकाच्या कपाटात आहे, शिडी वाटीएवढी आहे, हत्ती कपाच्या कानावर बसला आहे. खेळणाऱ्याने ‘माळ्यावर कात्री कुठे असेल?’ असा विचार केला तर तो हरतो. विचार सोडून एकेक इंच चाळत जाणारा जिंकतो. तासन्‌तास असे खेळूनही त्या माळ्याच्या मालकाबद्दल, त्या घरातल्या माणसांबद्दल काहीच कळलेले नसते. रहस्यकथा नावापुरती असते. खोलीने कथा सांगायची तर वस्तूंनी आपापल्या जागी असायला हवे, किंवा जागा सोडली असेल तर त्याला कारण हवे. स्वयंपाकघरात सापडलेली औषधाची बाटली संशय जागवते. स्वयंपाकघरात सापडलेला नांगर कसलाच संशय जागवत नाही, त्याच्यावर फक्त टिचकी मारायची असते. या प्रकारातला मध्यवर्ती दोष आमच्या मते हाच आहे. पुढचे सगळे दोष त्याला चिकटून येतात.

त्यातला एक म्हणजे ‘मेंदूचा व्यायाम’ हा दावा. तो आकर्षक आहे, विशेषतः घरात कुणाला विस्मरण होऊ लागले असेल तर. पण पुरावा काय सांगतो? अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांपैकी बहुतेकांना स्मरण, तर्क किंवा दृष्टीची गती यांपैकी एकाचे प्रशिक्षण देऊन केलेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गोष्टीचे प्रशिक्षण दिले तीत माणसे सुधारली. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा दैनंदिन व्यवहारात त्याचा लाभ दिसला नाही. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत मात्र रोजच्या कामांतल्या अडचणी थोड्या कमी असल्याचे प्रशिक्षितांनी सांगितले. चित्र संमिश्र आहे, आणि ते तज्ज्ञांनी आखलेल्या प्रशिक्षणाचे आहे, माळ्यावरच्या कात्रीचे नव्हे. मेंदूच्या खेळांचे फायदे फुगवून सांगितल्याबद्दल ‘ल्युमॉसिटी’ चालवणाऱ्या कंपनीला जानेवारी २०१६मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. वस्तू शोधून शोधून माणूस वस्तू शोधण्यात तरबेज होतो, इतके म्हणता येते. आजोबांना हा खेळ आवडतो म्हणून त्यांनी जरूर खेळावा. औषध म्हणून कुणी त्यांच्या हाती देऊ नये. औषध म्हणून घेतलेला खेळ दोन दिवस चुकला की मनाला उगीच अपराधी वाटू लागते.

खऱ्या शोधकामाशी या खेळाची तुलना करून पाहावी, आणि त्यासाठी वाकोल्यातून लांब जावे लागत नाही. कलिन्याच्या पलीकडे विमानतळाचे कुंपण लागते. तिथे एक्स-रे यंत्रापुढे बसलेल्या माणसांसमोरून एकामागून एक पिशव्या जात असतात. कपडे, चार्जर, लोणच्याच्या बरण्या, लाडवांचे डबे. त्यांना जे शोधायचे असते ते बहुधा तिथे नसतेच. दृष्टीचे संशोधक जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये या स्थितीवरचा प्रयोग छापला. पिशवीच्या एक्स-रेसारख्या चित्रांत लोकांना हत्यारे-अवजारे शोधायला दिली. निम्म्या चित्रांत अवजार होते तेव्हा लोकांकडून सुमारे ७ टक्के अवजारे सुटली. शंभरात एकाच चित्रात होते तेव्हा ३० टक्के सुटली. माणसे तीच, डोळे तेच. सापडण्याची अपेक्षा कमी झाली की शोध लवकर आवरता घेतला जातो. म्हणूनच अशा यंत्रांत मधूनमधून खोट्या धोकादायक वस्तूंच्या प्रतिमा मिसळण्याची सोय केलेली असते, की लक्ष ढिले पडू नये.

शोधखेळात याच्या नेमके उलटे असते. यादीतली प्रत्येक गोष्ट तिथे आहेच, ही हमी असते. किती आहेत हे ठाऊक असते, संपले कधी हेही खेळच सांगतो. आयुष्यातले बहुतेक शोध असे नसतात. डॉक्टर छातीच्या फोटोत डाग शोधतात तेव्हा तो आहे की नाही हेच मुळात ठरवायचे असते. पावसाळ्याआधी वाकोला नाल्याच्या काठाने फिरणाऱ्या अभियंत्याला पाणी कुठे तुंबेल याची यादी कुणी हातात देत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि हा नाला ज्या मिठी नदीला मिळतो तिने उपनगरे बुडवली. नदी-नाल्यांवरची अडवणूक त्याआधी कितीतरी वर्षे डोळ्यांसमोर होती. पण ती बहुतेकांच्या यादीत नव्हती, म्हणून तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. यादीने बांधलेली नजर यादीबाहेरचे बघत नाही. मुलांच्या हाती हा खेळ देणाऱ्या पालकांनी ही मर्यादा जाणून असावे. त्यावर उपायही साधा आहे. खेळ झाल्यावर त्याच चित्रात ‘यादीत नसलेले तुला काय दिसले?’ असे विचारून पाहावे. उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

पैशांचा भाग आता पाहू. नोव्हेंबर २०१२मध्ये पॅरिसच्या प्रिटी सिंपल कंपनीचा ‘क्रिमिनल केस’ फेसबुकवर आला आणि तुफान चालला. खेळ फुकट. पण प्रत्येक दृश्य उघडायला ‘ऊर्जा’ लागते, ती संपली की थांबायचे किंवा पैसे मोजायचे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला तासन्‌तास लागतात, पैसे दिले तर लगेच येतो. पुढे जायला तारे लागतात आणि तारे मिळवायला तेच दृश्य पुन्हा पुन्हा खेळावे लागते. २०१७च्या ‘जून्स जर्नी’पर्यंत हाच साचा पक्का झाला. त्याची कला देखणी आहे, १९२०च्या दशकातले घर, पोशाख, मोटारी यांवर मन लावून काम केलेले दिसते. पण तेच दृश्य पाचव्यांदा उघडले की डोळा काही शोधत नाही, वस्तूंच्या जागा आठवतो. शोधाचा खेळ पाठांतराचा होतो, आणि पाठांतराचा कंटाळा टाळण्यासाठी पैसे मागितले जातात. खेळाने स्वतःच तयार केलेली अडचण दूर करण्याची ही किंमत आहे. तासभर फुकट आणि मग एकदाच विकत, ही जुनी रीत यापेक्षा कितीतरी प्रामाणिक होती.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. त्यामागची कारणे रास्त आहेत. शोधखेळात मात्र पैसे जिंकण्याची आशाच नसते, फक्त ते जातात. त्यामुळे तो त्या व्याख्येत बसत नाही, आणि बसवूही नये, कारण हा जुगार नव्हे. इथे घरानेच सावध राहावे. फोनवरची खरेदी पासवर्डशिवाय होणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि मुलाला खेळ हवाच असेल तर एकदाच पैसे देऊन मिळणारा घ्यावा. फुकटच्या मोहापेक्षा ते स्वस्त पडते.

फोनमुळे आणखी एक दोष वाढला, त्याचीही नोंद घ्यायला हवी. ही चित्रे संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी जन्मली. सहा इंचांच्या फोनवर घुबड तांदळाएवढे होते. वाढता मोतीबिंदू असलेल्या माणसाला, किंवा लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला, अशी वस्तू न दिसणे म्हणजे हार नव्हे, पण खेळ ती हारच धरतो. शिवाय अंधुक करून, आकसून, निम्मी झाकून वस्तू ‘कठीण’ करणे ही आळशी चित्रकारी आहे. अवघडपणा चित्राच्या रचनेतून यावा. अलीकडे यंत्राकडून झटपट काढून घेतलेली चित्रे या खेळांत भराभर येऊ लागली आहेत. त्यांत कपाचा कान मध्येच विरघळतो, खुर्चीला पाचवा पाय फुटतो. बारकाईने बघणे हाच ज्या खेळाचा प्राण, त्यात बारकाईने बघवत नाही असे चित्र देणे ही खेळणाऱ्याची फसवणूक आहे.

चांगले कसे असावे याचा दाखला २०१७च्या ‘हिडन फोक्स’मध्ये आहे. एड्रियान द याँग आणि सिल्व्हेन तेग्रोएग या दोघांनी तो केला. काळ्या रेषांची हाताने काढलेली प्रचंड चित्रे, आणि सगळे आवाज माणसाने तोंडाने काढलेले. शोधायच्या प्रत्येक माणसाबद्दल एक ओळीची सूचना मिळते आणि ती सूचना चित्रातल्या जीवनाकडे बोट दाखवते : याला काय आवडते, तो कशाला घाबरतो. मग झुडपे बाजूला करा, तंबूचे पडदे वर करा, दारे उघडा. म्हणजे इथे विचार केला तर सापडते. यादी आहे, पण ती चित्रात शिरायला लावते.

आपल्याकडे याची सामग्री पडून आहे. गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी आयुष्यभर गर्दीची चित्रे काढली. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवरची त्यांची माणसे बघताना लोकांचा चहा गार होतो. एकेका चेहऱ्याला तिथे असण्याचे कारण आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत : अडकित्ते, दिवे, वज्री, कुलपे, वाद्ये. त्यातला थोडाच भाग मांडता येतो. वज्री म्हणजे पाय घासायचे साधन, हे न सांगता कळणारी पिढी आता ओसरत चालली आहे. न्हाणीघराच्या चित्रात तांब्या, बंब आणि घंगाळाच्या शेजारी ती सापडली, तर जागेवरूनच तिचे काम मुलाला कळेल. सुरुवातीच्या त्या माळ्यावरची कात्री त्याला हे देऊ शकत नाही.

वाकोल्याच्या बाजाराचे असे एक चित्र करायला मोठी कंपनी लागणार नाही. पवईच्या आयआयटीत १९६९पासून आयडीसी ही अभिकल्प शिकवणारी शाळा आहे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आहेत. रविवारी सकाळची वेळ घ्यावी : मासळीवाल्यांची रांग, फुलांच्या पुड्या, चर्चमधून परतणारी ईस्ट इंडियन कुटुंबे, नमाजाहून येणारी माणसे, हार्डवेअरचे दुकान, पुलावर अडकलेली बस. सूचना मराठीत द्याव्यात. ‘जिचा पापलेटचा भाव पटला नाही, ती बाई कुठे गेली?’ असे विचारावे. तेच चित्र भर पावसातले, तेच रात्री दहाचे. काही वस्तू यादीत घालाव्यात, काही घालू नयेत, आणि एखादी सूचना अशीही द्यावी की जिचे उत्तर ‘इथे नाही’ असे येते. सुरुवातीला संगणकही नको. नोव्हेंबर १९७१पासून निघत असलेल्या ‘किशोर’ने मधली दोन पाने अशा एका चित्राला दिली, तर ते राज्यभरच्या शाळांत पोहोचेल, आणि त्यात मुलांनी काय काय शोधले ते पुढच्या अंकात छापता येईल.